ओढ्यापलीकडची झोपडी

बायपास झाल्यापासून दोन वर्षं मी आमच्या ह्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नव्हती. सोलापुरात सात रस्त्याला हे भाजी आणायला निघाले तरी मागोमाग मी. त्यामुळे हिमाचलात डोंगरातल्या एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत मुक्काम करत तीन दिवस चालायचं खूळ त्यांनी काढलं, तेव्हा घरात महाभारत झालं. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. मी दिली नव्हती. शेवटी म्हणाले, "तू पण चल की. मेलोच तर तोंडात पाणी घालायला हाताशी असशील." असलं अभद्र बोलायची त्यांची मोहोळला राहायचो तेव्हापासूनची खोड. गेले मी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वाटाड्यानं बजावलं, वाटेतला ओढा दुपारच्या आत ओलांडायचा. अकराच्या सुमारास मुक्कामाची झोपडी पलीकडच्या उतारावर दिसली. आम्ही सपाटीची माणसं. आमच्याकडं गाव दिसलं की फोन करून चहा टाकायला सांगतात. ह्यांना धाप लागलेली बघून मी तिथंच थांबले. "समोर तर आहे झोपडी, बसा जरा," म्हटलं. वाटाड्या नको नको म्हणत होता, पण मी कुणाचं ऐकतेय? कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली आणि ह्यांना चांगलं तासभर बसवून ठेवलं.

झोपडी दिसत होती तेवढी जवळ नव्हतीच. ओढ्यावर पोचेपर्यंत दुपार टळली आणि पाणी कमरेच्या वर. आभाळात ढगाचा ठिपका नाही. पावसावाचून ओढ्याला पूर येतो, हे सोलापूरच्या माणसाला सांगून पटेल का? वरचं बर्फ उन्हानं वितळून दुपारी खाली येतं म्हणे. करायला गेले एक अन् झालं भलतंच. वाटाड्या म्हणाला, आता मागं फिरून घरी जा, नाहीतर कडा चढून वरच्या लाकडी पुलावरून चला. तीन तास जास्तीचे.

मी फिरायला तयारच होते. हे माझ्यावर चिडलेसुद्धा नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्यांनी बुटाची नाडी आवळली आणि ते कड्याला भिडले.

वीस पावलं चढायची, थांबायचं, पुन्हा वीस. दगड पायाखालून सुटायचे तिथं ते हातापायांवर चढले. मी मागून त्यांच्या पाठीवर नजर लावून. एकदा "अहो" म्हटलं, तर मागं न बघता म्हणाले, "बोलण्यात दम घालवू नको. चढ." पुलापलीकडं मीच मागं पडायला लागले, तेव्हा माझी पाठपिशवीही त्यांनी ओढून घेतली.

उजेड असतानाच झोपडी गाठली. दारातच मला रडू कोसळलं. "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? मला लई भीती वाटत होती," मी म्हटलं.

"ठाऊक हाय," ते बूट काढत म्हणाले. "मी बरा झालोय असं डॉक्टरनं सांगितलं, मला पटलं. तुला पटंना. म्हणून तर एवढ्या लांब आणलं तुला."