भात, पेज आणि एक उघडा माईक

कर्जतचं नाव निघालं की मी बोलणं वड्यावर नेतो. ही माझी गेल्या काही वर्षांची युक्ती आहे. घरी कुणी विचारलं, "काका, तुम्ही कर्जतला ती मोठी परिषद केली होती ना? काय झालं होतं तिथे?" की मी स्टेशनवरच्या बटाटेवड्याचं असं वर्णन सुरू करतो की विचारणाऱ्याला प्रश्नाचा विसर पडतो आणि भूक लागते. वडा चांगलाच असतो, त्यात खोटं काही नाही. पण तिथे काय झालं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, आणि आता या वयात वडा पुरेनासा झाला आहे. म्हणून गेल्या माघात पुण्याहून एकटाच निघालो. बायकोला सांगितलं, हवापालट करून येतो. खरं तर मला एका माणसाची माफी मागायची होती.

घाट उतरताना गाडी बोगद्यात शिरली की फोन मुका होतो आणि बाहेर आली की पुन्हा बोलायला लागतो. समोरचा तरुण प्रवासी दर बोगद्याला चिडत होता. मला मात्र जुने दिवस आठवत होते, कारण असल्या मुक्या फोनांवरच माझा संसार चालला. मोठ्या परिषदांचा आवाज, चित्र आणि पडदे सांभाळणं हा माझा धंदा. करोनानंतर त्यात नवी भानगड आली. अर्धे लोक सभागृहात आणि अर्धे आपापल्या घरी पडद्यासमोर. याला हायब्रिड म्हणतात. तोवर हा शब्द मी फक्त बियाण्याच्या पिशवीवर वाचला होता.

कर्जतला उतरून पहिल्यांदा वडा खाल्ला. माफी रिकाम्या पोटी मागू नये, असं मी स्वतःला समजावलं. मग भिवपुरीकडे जाणारी टमटम (तिघांच्या जागेत सहा जण बसवणारी रिक्षा) पकडली. चालकाच्या शेजारी अर्धा मी आत आणि अर्धा बाहेर होतो. म्हणजे मीही हायब्रिडच.

"काका, पाय आत घ्या," चालक म्हणाला.

"आत जागा नाही हो."

"जागा हाय. तुमी मोटं हाव."

माघ असूनही दोन्ही बाजूंना भाताची हिरवी रोपं होती. भिवपुरीच्या वीजघरातून पाणी वीज करून बाहेर पडतं आणि कालव्यानं या शेतांत येतं, म्हणून इथे उन्हाळी भात होतो. मागे माथेरानचा डोंगर करडा, कोरडा, आणि पायथ्याला हे हिरवं चादरीसारखं. एकदा राबलेलं पाणी पुन्हा राबायला येतं, याचं मला या वयात फार बरं वाटलं.

ज्या रिसॉर्टात ती परिषद झाली, त्याच्या फाटकाशी टमटम थांबली. आत जायची हिंमत होईना. समोर एका मावशींची चहाची टपरी होती, तिथे बसलो.

"मावशी, इथे नामदेव म्हणून एक साऊंडवाला होता. कुठे असतो आता?"

"नामदेव?" मावशींनी गाळणी खाली ठेवली. "अवो, तो तर फेमस मानूस! हितंच आत त्यानं कंपनीच्या मोट्या शेठला अख्ख्या दुनियेसमोर सुनावलं ना. 'आरं ह्या म्हाताऱ्याला खाली बसवा रं कुनीतरी, भाताची पेज झाली!' आमच्याकडं जेवान वाढाया उशीर झाला का आजून समदी त्येच बोलतात."

"आणि मग?"

"मग काय! काडला त्याला. त्या गेटातनं परत आत नाय घेतला. आता साजगावला ऱ्हातो, बायकोच्या गावाला. हळदी, साखरपुडं करतो." चहा माझ्यापुढे ठेवत त्यांनी विचारलं, "तुमी वळखता त्याला?"

"थोडासा," मी म्हणालो आणि चहानं जीभ भाजून घेतली.

आता ते सांगून टाकतो.

अशा परिषदेत एका वेळी तीन आवाज चालू असतात. एक सभागृहात जातो. दुसरा पडद्यापलीकडच्या लोकांना जातो. तिसरा आम्हा काम करणाऱ्यांचा, कानाला लावलेल्या हेडफोनमधून एकमेकांशी बोलण्याचा. हे तीन आवाज तीन भावांसारखे शेजारी असले तरी त्यांच्या चुली वेगळ्या ठेवायच्या, एवढंच माझं काम. रोज सकाळी परदेशातल्या वक्त्यांशी बोलून घ्यावं लागतं, "कॅमेरा जरा वर करा, आवाज येतोय." त्यासाठी माझ्या टेबलावर एक बटण होतं. ते दाबलं की माझा आवाज पडद्यापलीकडे जायचा. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ते बटण सोडायचं. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, "सगळ्यात आधी आपलं तोंड बंद करा."

स्पीकर, जनरेटर आणि वायरींचं काम कर्जतच्या नामदेवकडे होतं. चाळिशीचा, कामाला चोख. हेडफोनवरून तो सांगायचा, "सायब, तीन नंबरचा माईक शिट्टी मारतोय रं," आणि आमचा सगळा ताफा हसायचा. मला नकलेचा नाद. मी त्याच्याच बोलीत उत्तर द्यायचो, "मारू दे रं, पोरगी दिसली असंल." नामदेवही हसायचा. निदान मला तसं वाटायचं.

त्या दिवशी कंपनीच्या अध्यक्षांचं भाषण जेवणाच्या वेळेवर चढून बसलं होतं. मागच्या दारातून भाताचा वास येत होता. मी हेडफोनवर नामदेवचा आवाज काढला आणि ते वाक्य बोललो, जे आता भिवपुरीच्या टपरीवर चालतं. सभागृहात कुणाला काहीच ऐकू गेलं नाही. पण सकाळचं बटण मी सोडलंच नव्हतं. पडद्यापलीकडे बसलेल्या प्रत्येकानं ते ऐकलं, आणि त्यात अध्यक्षांची परदेशातली मुलगीही होती.

जेवण होतंय तोवर कंपनीचा माणूस ध्वनिमुद्रण घेऊन आला. सगळ्यांसमोर वाजवलं. "हा कोण?" सगळ्या माना नामदेवकडे वळल्या. नामदेव माझ्याकडे बघत होता. मॅनेजर झाल्यापासून मी कधी वायर गुंडाळली नव्हती. त्या क्षणी मी खाली बसून एक वायर गुंडाळायला घेतली आणि फार मन लावून गुंडाळली.

नामदेव थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "आवाज तर माजाच वाटतोय, सायब." त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर गेला.

टपरीवरून उठलो, कर्जतला परतलो आणि खोपोलीची गाडी धरली. दुपारची ही गाडी अगदी रिकामी असते. पळसदरी, केळवली, डोलवली अशी झोपाळू स्टेशनं घेत ती डोंगराच्या पायथ्यानं जाते. वाटेत मी माफीची तालीम करत होतो. समोरच्या बाकावरच्या बाईंनी मला स्वतःशी बोलताना पाहून आपली पिशवी जवळ ओढली.

खोपोलीहून साजगावला रिक्षा केली. कारखान्यांच्या भिंती, मालाच्या गाड्या, आणि त्यामधूनच एकदम गाव. चालकानं माझी बोटभर माहिती काढून हातभर दिली. इथल्या यात्रेला सुक्या बोंबलांचा मोठा बाजार भरतो, आणि देवाला त्याचा वास चालतो, असं त्यानं सांगितलं. नामदेव साऊंडवाल्याचं घर विचारलं तर म्हणाला, "घरी कशाला? तो बगा, त्या मांडवात साखरपुडा लावतोय."

मांडवाच्या एका टोकाला नामदेव आवाजाच्या मिक्सरपाशी उभा होता. कानाला काही नव्हतं. दुसऱ्या टोकाला, टीव्हीच्या पडद्यापाशी, कमरेला पदर खोचून त्याची बायको सुगंधा. दोघांचं बोलणं हातवाऱ्यांनी चालू होतं. मधेच तो ओरडायचा, "आगं सुगंधा, ती काळी वायर गं!" आणि ती ओरडायची, "समद्याच काळ्या हायत!"

मला पाहून नामदेवचा हात हवेतच राहिला.

"आरं तिच्या! सायब? तुमी अजून हाव?"

"आहे अजून."

"मी बोललो, तुमाला आता कुनीतरी खाली बसवला असंल."

मी हसलो. दुसरं काय करणार? एवढ्यात घरची माणसं धावत आली. नवरीचा भाऊ जहाजावर नोकरीला होता, तो पडद्यावर आला होता, पण बोलायला लागला की त्याचाच आवाज फिरून त्याच्या कानात जात होता. बिचारा स्वतःच्याच "हॅलो"ला "हॅलो, कोन?" म्हणत होता.

"बसा सायब टेबलावर," नामदेवनं खुर्ची सरकवली. "लय दिवसांनी हायब्रिड आलंय."

हे दुखणं माझ्या रोजच्या ओळखीचं. पलीकडच्याला मांडवातलं सगळं पाठवायचं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज तेवढा वगळायचा. मी दोन बटणं फिरवली आणि जहाज शुद्धीवर आलं. आवाज मात्र उशिरा पोचत होता. इकडे अंगठी घालून झाली, टाळ्या थांबल्या, सगळे खाली बसले, आणि मग जहाजावरून एकटाच भाऊ जोरात ओरडला, "आता घाल गं!" मांडव हसून लोळला.

मग मुलाकडचे एक काका आशीर्वाद द्यायला उठले आणि काही केल्या बसेनात. मागून कुणीतरी ओरडलं, "नामदेवा, बोल रं तुजा डायलॉग!" नामदेवनं मान हलवली आणि मिक्सरवर वाकला. तेव्हा साऱ्या तरण्यांनी मिळून ते वाक्य म्हटलं. काका हसत बसले. पुढच्या रांगेत एक पांढऱ्या टोपीचे म्हातारबुवा होते, ते मात्र उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, नामदेवकडे पाठ करून मांडली आणि पुन्हा बसले.

जेवायला तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची रस्सेदार उसळ) होतं. माझं पान त्या म्हातारबुवांच्या शेजारी मांडलं. ते सुगंधाचे वडील निघाले. वाढायला ती स्वतः आली. नामदेवनं माझी ओळख करून दिली होती, "आमचे मोटे सायब." एवढीच.

"सायब," तिनं वाढता वाढता विचारलं, "तुमी त्या दिवशी तिथं व्हता ना?"

"होतो."

"मग तुमीच सांगा आमच्या बाबांना. ह्ये असं बोलतील का कुना म्हाताऱ्या मानसाला? बाबा तवापासनं ह्यांच्याशी येक शबुद बोलत नाय. म्हनतात, आज त्याला बोलला, उद्या मला बोलंल. आनि ह्ये पन गप. तवापासनं कानाला कायच लावत नाय. घरात मी हाक मारली तर आदी इचारतात, चालू हाय का बंद?"

म्हातारबुवांचा हात पानावर थांबला होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, पण ऐकत होते. गाडीत घोटलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं.

पलीकडच्या पंगतीतून नामदेव म्हणाला, "आगं, सायबांचं वय झालं. त्यांना काय आटवतंय? जेवू दे."

सुगंधा तिथेच उभी राहिली. त्या क्षणी मी काय केलं? नेहमीचंच केलं.

"ताई," मी म्हणालो, "बिरडं फार सुरेख झालंय हो."

तिनं आणखी एक पळी वाढली आणि पुढे गेली. म्हातारबुवांनी घास उचलला.

संध्याकाळच्या आत नामदेवनं मला खोपोली स्टेशनवर सोडायला टेंपो काढला. मागे स्पीकर खडखडत होते. गाव सुटल्यावर मी म्हणालो, "नामदेव, मी कशाला आलो ते..."

"म्हायीत हाय." त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. "मांडवात दिसलाव तवाच कळलं. येक सांगू? नक्कल काय जमली नव्हती तुमची. पन शेठला काय कळतंय!"

"तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुमी बोलाल म्हनून थांबलो. मग वाटलं, तुमच्यावर समद्यांचं जेवान हाय, माजं काय, मी मांडवाचा मानूस. ऱ्हायलं." तो जरा हसला. "आनि आता मला सांगून काय उपेग, सायब? मी व्हतोच ना तिथं. ज्यांना सांगायचं ती दोगं मागं ऱ्हायली. येक टोपी घालून बसलाय, येक वायरी गुंडाळतेय." त्यानं टेंपोचा वेग कमी केला. "फिरवू का मागं?"

रस्ता रिकामा होता. टेंपो वळवायला भरपूर जागा होती.

"गाडी चुकेल," मी म्हणालो.

"हा. गाडी चुकंल," नामदेव म्हणाला आणि गियर टाकला. स्टेशनवर त्यानं पोपटीसाठी (मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजायच्या वालाच्या शेंगा) शेंगांची एक पिशवी माझ्या हातात दिली. "वहिनींना द्या. पाला पन घातलाय." टेंपो वळला. त्याला वळायला काहीच वेळ लागला नाही.

कर्जतला पुण्याची गाडी मिळाली. घाट चढण्यासाठी इथे गाडीला मागून इंजिनं लावतात. सगळा भार ती ढकलतात, पण फलाटावरचे लोक पुढचं इंजिन बघतात. आमच्या धंद्यातल्या माणसांना ही गोष्ट अभिमानानं सांगायला आवडते. मीही सांगायचो. मागं कोण आहे ते मात्र मी कधी उतरून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दारात उभा राहिलो. वडेवाला पुढ्यात येऊन उभा राहिला. पहिल्यांदाच मी नको म्हटलं. मागून हलकासा धक्का बसला आणि गाडी चढायला लागली.

पहिला बोगदा येईपर्यंत फोनला रेंज होती. टेंपोवरून उतरवून घेतलेला नामदेवचा नंबर समोर होता. मग अंधार झाला.

पिशवीतल्या शेंगा बायकोनं पोपटी करून संपवल्या. ते वाक्य मात्र अजून माझ्याजवळच आहे. गाडीत घोटलेलं जसंच्या तसं, माझ्या स्वतःच्या बोलीत, इथे लिहून ठेवतो: बाबा, तुमचा जावई कुणाला काही बोलला नाही. तो आवाज त्याचा वाटला, पण तोंड माझं होतं. सुगंधाताई, मी तिथे होतो, मला सगळं आठवतंय. मला माफ करा.