परतीचा आहेर

टीममध्ये माझं काम काय होतं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाचा गैरसमज नको. मी बेंचवर बसायचे. शूटिंग येत नव्हतं, ड्रिबलिंगही बेताचंच, पण अंगाने दणकट आणि डोक्याने थंड. बास्केटबॉलमध्ये पाचवा फाउल झाला की खेळाडू बाहेर जाते. बाकीच्या मुली आपले फाउल जपून वापरायच्या. माझे उधळायलाच ठेवलेले होते.

ठाण्यातल्या एका कंपनीची टीम होती. आम्हाला खेळासाठीच नोकरीत घेतलेलं. हजेरीची सही ऑफिसात टेबलाशी करायची आणि पगार मैदानावर मिळवायचा. खेळ संपला की नोकरीही धोक्यात, इतकं ते सरळ होतं. त्यामुळे लोक मजा बघायला जमायचे आणि आम्ही पोट सांभाळायला उतरायचो. खेळभावना उद्घाटनाच्या भाषणात यायची आणि पाहुण्यांबरोबर चहा पिऊन निघून जायची. खाली रिंगजवळ जर्सी ओढणं, चिमटे, बरगडीत कोपर हे सगळं सर्रास चालायचं. रेफरी दोन आणि हात वीस, ते तरी काय काय बघणार?

आमच्या टीमची एक रीत होती. समोरच्यांनी आमच्या एखाद्या हुकमी खेळाडूला मारलं तर तिने उलट मारायचं नाही, मुकाट खेळत राहायचं. परतफेड बेंचवरून व्हायची. कोच सर माझ्याकडे न बघता म्हणायचे, "जा, आहेर करून ये." लग्नात कुणी आपल्याला साडी नेसवली की पुढे तिच्या घरच्या कार्यात आपणही नेसवतो, तसा हा परतीचा आहेर. मी ट्रॅकसूटचं जॅकेट काढायचे, आत जायचे, काम करायचे. शिटी वाजली की शहाण्यासारखा हात वर करायचे आणि परत येऊन बसायचे. मला ह्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, जरा जास्तच होता.

त्या वर्षी फायनल डोंबिवलीला होती, उघड्या सिमेंटच्या कोर्टवर. समोर शहाडकडच्या एका कारखान्याची टीम. त्यांच्यात एक उंच, काटकुळी मुलगी होती. ती उडाली की आम्ही सगळ्या खाली आलेल्या असायचो आणि ती अजून वरच. ती वर्षाच्या कंत्राटावर होती, आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं हे ह्या स्पर्धेनंतर ठरणार होतं. हे मला तिच्या आईकडून कळलेलं. आई प्रत्येक मॅचला यायची आणि शेजारी बसेल त्याला सांगायची. मला पाण्याच्या पिंपापाशी गाठून सांगितलं, वर राजगिऱ्याचा लाडू दिला. मी कुठल्या टीमची हे तिने विचारलं नाही. मी लाडू खाल्ला.

दुसऱ्या हाफमध्ये रिंगखाली गर्दी झाली, चारपाच जणी एकदम उडाल्या, आणि आमची शूटर भुवई धरून खाली बसली. बोटांमधून रक्त येत होतं. बॉल घेऊन उतरली होती ती काटकुळी. तिने शूटरला उठवायला हात पुढे केला, तर आमचा अख्खा बेंच ओरडला, "नाटकं बघ हिची!" सर म्हणाले, "जा." पुढचं बोलायचीही गरज पडली नाही. माझं जॅकेट आधीच निघालेलं होतं.

खेळात जुनी एक युक्ती आहे. समोरची शॉट मारायला उडाली, की ती जिथे उतरणार तिथे आपलं पाऊल हळूच सरकवून ठेवायचं. बघणाऱ्याला वाटतं, बिचारी अडवायला गेली आणि वेळेत मागे हटली नाही. ती उडाली. मी पाऊल सरकवलं. ती माझ्या बुटावर उतरली, पाय मुरगळला आणि गुडघा आत वळला. त्याचा आवाज मी ऐकला. शिटी वाजली, साधा फाउल. मी हात वर केला.

तिला दोघांनी उचलून रिक्षात घातलं. आई मागून पिशवी घेऊन धावत होती. आम्ही जिंकलो. परतताना गाडीत गाणी म्हटली, मीही म्हटली. पुढे कळलं, तिचा गुडघा गेला आणि कंत्राटही गेलं. मला वाईट वाटलं नाही. तिने सुरुवात केलेली, मी फेडलं, विषय संपला. तेव्हा मी असाच विचार करायचे आणि त्यात मला काही खटकत नव्हतं.

आता आमच्यापैकी कुणी खेळत नाही. मागच्या दिवाळीनंतर शूटरने घोडबंदर रोडला नवीन फ्लॅट घेतला आणि पूजेला सगळ्यांना बोलावलं. जेवणं झाल्यावर जुने फोटो निघाले. कुणीतरी तिच्या भुवईवरच्या व्रणाकडे बोट दाखवलं. तेव्हा आमची कॅप्टन शिऱ्याची वाटी हातात धरून हसत म्हणाली, "अगं, ती माझी खूण आहे. माझंच कोपर लागलेलं तिला."

सगळ्या हसल्या. शूटरसुद्धा.

मी विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं? सर जा म्हणाले आणि तू निघालीससुद्धा. थांबली असतीस तर सांगितलं असतं."

तिचं म्हणणं खरं होतं. मी थांबले नव्हते. तिने वाटी संपवली, मला आणखी शिरा हवा का विचारलं, आणि मी हो म्हटलं. माजिवड्यापर्यंत ट्रॅफिक तुंबलेला होता. तासभर मी रिक्षात बसून त्या लाडवाचा विचार करत होते.

ती काटकुळी आता कल्याणला मुलींना बास्केटबॉल शिकवते एवढं ऐकून होते. पुढच्या रविवारी सकाळी गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, पण बोलायचं हे ठरवलेलं. मैदानाच्या कोपऱ्यात दहाबारा मुली रांगेत होत्या आणि ती रिंगखाली उभी होती, उजवा पाय जरा आखडून. एकेक मुलगी शॉट मारायला उडाली की ती एक जुना बूट तिच्या खाली सरकवायची. मुलीने पाय फाकवून, बूट टाळून उतरायचं. "खाली कुणाचातरी पाय आहेच असं धरून चालायचं," ती सांगत होती.

पाणी प्यायला मुली पांगल्या तेव्हा मी तिच्याजवळ गेले. ओळख सांगितली, टीमचं नाव सांगितलं. तिला चेहरा आठवत नव्हता. मी म्हटलं, "तो पाय माझा होता. चुकून नव्हता आला, मी घातला होता. आम्हाला वाटलं, आमच्या शूटरला तुम्ही मारलं."

"मी?" ती म्हणाली. "मी तर तिला उठवायला हात दिलेला."

"हो. मारलं आमच्याच मुलीने. मला मागच्या आठवड्यात कळलं."

तिने हातातल्या बुटाची माती झटकली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी समजत होते, खेळात होतं असं. आईलापण तेच सांगत आले. हे आता मला कशाला सांगितलंत?"

मला मोकळं व्हायचं होतं, हे खरं उत्तर, आणि ते तिच्या तोंडावर सांगण्याची हिंमत झाली नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

मुली परत रांगेत आल्या. तिने बूट बाजूला भिरकावला. "आलाच आहात तर इथे उभ्या राहा," ती मला म्हणाली, आणि मग मुलींकडे वळून, "बुटाची सवय झालीय तुम्हाला. आता खरा पाय येईल. ह्या बाईंना ते छान जमतं."

मी चप्पल काढून उभी राहिले. पहिली मुलगी उडाली, मी पाऊल पुढे केलं आणि शेवटच्या क्षणी ओढून घेतलं. दुसरीच्या वेळी तसंच झालं. तिसरीच्या वेळीही.

"बाई," ती मागून म्हणाली, आवाज न चढवता, "तेव्हा नव्हता घेतलात मागे."

चौथी उडाली. मी पाऊल सरकवलं आणि तिथेच ठेवलं. ती माझ्या पावलाच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून नीट उतरली, आणि माझ्याकडे न बघता रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.