तात्यांनी रजा दिल्याशिवाय

बिनतारी यंत्रावर बोलायची रीत मी परवान्यासाठी घोकून पाठ केली होती. आधी ऐकावं, मग बोलावं. घरगुती गोष्टी काढू नयेत, कोण कुठं ऐकत बसलंय सांगता येत नाही. दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडू नये. तसं तोडताही येत नाही, कारण बोलणाऱ्याला त्या वेळी काहीच ऐकू येत नाही. आणि समोरच्यानं रजा दिल्याशिवाय यंत्र बंद करू नये. ही झाली साहेबाची रीत. आमच्या इंदापूरकडची अशी, की कुणी ‘बरं हाय का?’ म्हटलं तर उलट विचारपूस केल्याशिवाय सुटका नाही. मी दोन्ही रीती पाळणारा माणूस.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. लासुर्ण्याजवळच्या साखर कारखान्यात मी विजेचा फिटर होतो. चाळीतल्या खोलीत यंत्र मांडलं होतं. दर रविवारी दुपारी त्यावर बारामतीचे तात्या भेटत. तारखात्यातून निवृत्त झालेले, घरी एकटे, माझ्यासारखेच हौशी.

त्या रविवारी डाळजहून मुलीचे वडील मला बघायला यायचे होते. मुलगी मी पाहून आलो होतो आणि तेव्हापासून जेवणात लक्ष नव्हतं. अडलं होतं ते वडिलांच्या होकारावर. पाहुण्यांना अवकाश होता, म्हणून तात्यांना नुसता नमस्कार करावा असं ठरवून मी बसलो.

“तब्येत बरी हाय का?” तात्यांनी विचारलं.

“बरी हाय. तुमचा गुडघा कसा हाय?”

तात्यांचा गुडघा आधी सोलापूरच्या डॉक्टरांकडं गेला, तिथून कन्हेरीच्या वैद्याकडं. तो अजून कन्हेरीतच होता तोवर दारात पाहुणे आले. मुलीचे वडील आणि मामा. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्यांना घोंगडीवर बसवलं. हेडफोन थोडा सरकवून, एका कानात गुडघा आणि दुसरा कान उघडा ठेवून मी बसल्या जागेवरून हात जोडले, आणि तात्यांना ऐकू जात नसलं तरी सवयीनं ‘हां, हां’ म्हणत राहिलो.

“पोरगं भिंतीशी का बोलतंय?” मामांनी आबांना विचारलं.

“सरकारी परवाना हाय त्याला,” आबा अभिमानानं म्हणाले.

“भिंतीशी बोलायला परवाना लागतोय व्हय?”

तेवढ्यात तात्यांनी पाळी माझ्याकडं दिली. मी घाईनं बोलायचं बटण फिरवलं. “तात्या, घरी पाव्हणं आल्यात. रजा द्या.”

“कुठलं पाव्हणं?”

सोयरीक हवेत सोडणं रीतीत बसत नव्हतं. नुसतं ‘डाळजचं’ म्हणालो.

तिथंच मी बुडालो. तात्यांची पहिली नेमणूक डाळजशेजारच्या भिगवण स्टेशनात. डाळजमधली घरं न् घरं त्यांना पाठ. “डाळजची माणसं भली, पर एकदा टेकली की उठत न्हाईत बघा,” त्यांनी सुरुवात केली, आणि मला हसू आलं. समोर डाळजची दोन माणसं माझ्याकडंच बघत होती.

पोहे आले, चहा आला. तात्यांची बॅटरी उतरेल या आशेवर मी होतो. ती त्यांनी कालच भरून आणली होती, हेही त्यांनीच सांगितलं. माझं बोट चारदा यंत्र बंद करायच्या बटणापर्यंत गेलं. पण एकट्या म्हाताऱ्याचं बोलणं तोडायचं कसं? आणि इकडं आबांचा चेहरा पडत चालला होता.

शेवटी मुलीचे वडील उठले. मी पाया पडायला वाकलो, पण हेडफोनची तार आखूड. माझा हात त्यांच्या पायांपासून वीतभर अलीकडं थांबला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

“पोरगा वाईट न्हाय, आबा,” ते हळूच म्हणाले. “पर माझी पोर हाक मारंल तवा ह्याला उठता आलं पायजे.”

मामांनी टोपी घातली. दोघं चाळीच्या टोकापर्यंत जाताना दिसले. आबा त्यांच्या मागं, काहीतरी समजावत. मी तारेला बांधल्यासारखा तिथंच उभा.

बऱ्याच वेळानं कानात तात्या म्हणाले, “पाव्हणं गेलं का? मग बोला आता निवांत.”