दाबा, वन्सं

औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या पायरीवर उभी होते. हातात गुडघ्याला घालायचा नवा नी-कॅप, जुन्याचं इलॅस्टिक सैल पडलं होतं. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "आक्का गेली गं... दुपारची झोपली ती उठलीच नाय." आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. माझ्या मनात पहिलं काय आलं तेच लिहिते, गोड गोड लिहायला घरात दुसरे पुष्कळ आहेत. मनात आलं, सुटली! माझ्या हातून सुटली. तोंडावर मी तिला जन्मभर 'वन्सं, अहो' म्हणत आले, मनात मात्र कायम एकेरी. इथंही एकेरीच लिहिणार, तेवढा हक्क मी कमावलाय.

ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि हर्सूलच्या आमच्या घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दुपारची जेवणं झाली की तिचे पाय दाबायचे. "दाब. जोर नाय का हातात? खाल्लेलं जातं कुठं?" ती "सोड आता" म्हणेपर्यंत उठायचं नाही. एकदा माहेराहून निरोप आला, वडील अत्यवस्थ आहेत. दुपारची एसटी होती. पिशवी भरून दारात ठेवली तर ही म्हणाली, "आधी पाय दाब, मग जा." मी दाबत राहिले, तिच्या तोंडाकडं बघत. डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती. "सोड" म्हणाली तेव्हा एसटी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी गावात पोचले तर माणसं स्मशानातून परत येत होती. तेव्हाच मनात गाठ मारली... हे पाय कधीतरी माझ्या ताब्यात येतील.

आले. सत्तरी उलटल्यावर तिचा उजवा गुडघा धरला. रुईची पानं बांधून झाली, तेलं झाली, कुणाकुणाचे लेप झाले. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची झीज आहे, पण ऑपरेशनची घाई नको. वजन उतरवा, शेक घ्या, काठी वापरा, रोज व्यायाम करा. बीपी आहे, तेव्हा दुखण्याच्या गोळ्या मनानं खायच्या नाहीत. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, घरी करून कोण घेणार? मी म्हणाले, "मी." ह्यांचे डोळे भरून आले. "केवढं गं तुझं मन!" मन कसलं डोंबलाचं.

टॉवेलची गुंडाळी केली, जुन्या परकराच्या नाडीनं बांधली आणि तिच्या गुडघ्याखाली सरकवली. गुडघा खाली दाबायचा, पाच म्हणेपर्यंत धरायचा, मग सोडायचा. "दाबा, वन्सं." माझे पाच आकडे फार सावकाश यायचे. "मेले गं, सोडू का?" "चारच झाले." चहातली साखर बंद केली. शेंगदाण्याची पोळीही बंद. संक्रांतीला ती मी तिच्यासमोर बसून खाल्ली, वर तूप घालून. काठी ती दुखऱ्या बाजूला धरायची, मी काढून डाव्या हातात द्यायची. "दुखतंय उजवं अन् काठी डावीकडं? येडी झाली काय तू?" "बाईंनी तसंच सांगितलंय, वन्सं." इतकी गोड दुपार मला त्या घरात कधी मिळाली नव्हती.

पण माझं नशीबच फुटकं. ती बरी व्हायला लागली! वजन उतरलं, दुखणं हटलं, कठडा धरून एकटी पायऱ्या उतरू लागली. एक दिवस काठी टेकत तलावापर्यंत जाऊन आली आणि गल्लीभर सांगत सुटली, "आमच्या भावजयीनं उभी केली मला." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग एका दुपारी विचारलंच. तिनं टॉवेलवर गुडघा दाबून धरला होता. मी मोजता मोजता थांबले. "वन्सं, त्या दिवशी मला एसटी का धरू दिली नाहीत?" तिनं डोळे मिटले. अगदी तेव्हासारखेच. पण गुडघा उचलला नाही, कारण मी 'सोडा' म्हणाले नव्हते. टाच थरथरायला लागली, कपाळावर घाम आला, तरी दाबतच राहिली. शेवटी मीच म्हणाले, "सोडा." धाप टाकत ती म्हणाली, "उद्या इच्यार." मग मी रोज विचारायची आणि तिचं रोज उद्या. नी-कॅप आणायला निघाले तेव्हा मात्र आपणहून म्हणाली, "ये जाऊन. आल्यावर सांगते."

बघा... शेवटची एसटीही तिनं माझी चुकवली.

गुंडाळी अजून तिच्या कॉटवर आहे. नाडी मी सोडलेली नाही. हे विचारतात, आता तरी माफ केलंस ना? नाही केलं. परवापासून माझाच गुडघा ठणकतोय. दुपारी तिच्या कॉटवर आडवी होते, गुंडाळी गुडघ्याखाली घेते आणि सगळा राग एकवटून दाबते. पाच होतात, सहा होतात... मी दाबून धरलेलंच असतं. ती 'सोड' म्हणायची वाट बघत.