बांधावर वॉल्टरसाहेबांच्या पुढे कोण धावलं?

भूतखेत, चकवा, अंगात येणं... यातलं काहीच मी मानत नाही. मांजर आडवं गेलं तर ते कुणाचं आहे, एवढंच मी विचारतो. तरी हे लिहितोय, कारण मी स्वतः तिथे होतो आणि वेळ भर दुपारची होती.

छप्पन सालचा पावसाळा. गाव सिंदेवाहीपासून चार मैलांवर, जिल्हा चांदा. भातशेतीचे सल्लागार म्हणून वॉल्टरसाहेब नावाचे अमेरिकन आमच्या भागात आले होते. पूर्वी ते त्यांच्या देशात फुटबॉल खेळायचे — तिकडचा चेंडू पपईसारखा लांबट, आणि खेळायचा तो मुख्यतः हाताने! चेंडू काखेत घेऊन साहेबांनी पळायचं आणि समोरच्या अकरा जणांनी त्यांना पाडायचं, यावर त्यांचं पोट चाले. त्यांच्या पुढे बिली नावाचा दोस्त धावायचा. आडव्या येणाऱ्याला खांद्याने उडवून वाट मोकळी करणं हे त्याचं काम. सहा वर्षांनी साहेबांचा गुडघा कायमचा गेला, मग ते शेतीकडे वळले. बिली पुढे मोटार-अपघातात वारला.

साहेबांच्या सांगण्यावरून मी दोन एकरांत ओळीने भात रोवायचं ठरवलं होतं. रोपं तयार होती. पण आमच्याकडे रोवणीआधी गावदेवी मातामायचा कोहळा शिवेवरून काखेत धरून तिच्या ओट्यापर्यंत आणतात. वाटेत तो जमिनीला लागला, तर पंधरा दिवस एकही बाई चिखलात उतरत नाही. तेवढ्यात माझी रोपं वाया गेली असती.

नेमका कोहळा आणणारा गडी तापाने पडला.

पाटील म्हणाले, "साहेब, तुमच्या देशात हेच करत होते ना? घ्या मंग!"

"पाटीलभाऊ, त्याईचा गुडघा..." मी म्हणालो.

"कोहळा काखेत न्याचा आहे, गुडघ्यात नाई."

साहेब लंगडत निघाले. अरुंद बांध, दोन्हीकडे चिखल, मागे डफ वाजवत आम्ही. डफाला बुजून एक रेडा दावं तोडून समोरून बांधावर आला. साहेबांनी कोहळा काखेत दाबला आणि — मी पाहिलं म्हणून सांगतो — सरळ रेड्यावर धावले!

"लेफ्ट, बिली, लेफ्ट!"

रेडा हातभर अंतरावर होता. कुणीतरी धडक द्यावी तसा तो आडवा उडाला आणि डावीकडच्या चिखलात पडला. साहेब पळत मातामायच्या ओट्यापर्यंत गेले, अख्खा कोहळा ठेवला आणि गुडघा धरून खाली बसले.

"मायनं वाचवलं," पुजारी म्हणाले.

"नाही. बिली," साहेब म्हणाले.

"काहीतरीच! थो इथी कसा येईन? त्याले रस्ता कोणं सांगतला?"

"अन् मायले इंग्रजी कवापासून समजाले लागली?" पाटील मध्ये पडले. "लेफ्ट म्हटलं, तं डावीकडंच पडला ना रेडा?"

 मी परत जाऊन बांध तपासला. साहेबांच्या बुटांचे ठसे होते, खुरांचे होते. तिसरे नव्हते, रेडा घसरल्याची खूणही नव्हती. त्याच्या खांद्यावर मात्र टम्म सूज होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया माझ्या शेतात उतरल्या. दोन ओळींमध्ये वीतभर जागा सोडा, असं मी सांगायला लागलो, तर एक म्हणाली, "समजलं भाऊ! बिलीभाऊले धावाले जागा पायजे."

ओळी सुतासारख्या सरळ आल्या. त्या वर्षी भात जास्त झाला, त्याचं कारण मी कुणालाही समजावून देऊ शकतो. रेड्याचं मात्र अजून जमलेलं नाही.