पोस्टकार्डावरचा केक

तमाम खवय्यांस, सुगरणींस आणि या विषयात उगीच नाक खुपसणाऱ्यांस गंभीरपणे कळविण्यात येते की, पोलादपूर तालुक्यातला पहिला केक कापडे गावी आमच्या चुलीवर भाजला गेला. या दाव्याला लेखी पुरावा नाही. साक्षीदार तीन होते. त्यांतल्या सासूबाई आणि चुलत सासरे आता नाहीत, आणि तिसरा साक्षीदार, म्हणजे माझा नवरा, हा विषय निघाला की अजूनही चपला घालून बाहेर जातो. तेव्हा माझ्यावरच विश्वास ठेवावा लागेल. इलाज नाही.

पन्नास सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. मी तुडीलची, सावित्रीच्या काठची, मराठी सातवी पास झालेली. वैशाखात लग्न झालं आणि पंधराव्या दिवशी नवरा मुंबईला परतला. तो फोर्टातल्या एका मोठ्या हाटेलात होता. 'मुलगा हाटेलात हाय' एवढ्या एका वाक्यावर आमचं लग्न जमलं होतं. हाटेलात माणूस एक तर रांधतो नाहीतर खातो, अशी माझ्यासकट सगळ्या गावाची समजूत, आणि नवरा गिऱ्हाईक नसणार हे उघड होतं. म्हणजे आचारी.

त्या पंधरा दिवसांत आम्ही फारसं बोललोच नाही. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, अशी रीत. त्याला तहान लागली की तो आईला म्हणायचा, "आई, पानी मिळंल काय?" आणि पाणी मी न्यायची. मला काही सांगायचं झालं तर मी मांजराला सांगायची. मांजर ऐकून घ्यायचं, पण निरोप पोचवायचं नाही.

तो गेला आणि घरात सासूबाई नि मी उरलो. गावात पुरुष म्हणजे एक तर दुधाचे दात न पडलेला नाहीतर सगळेच दात पडलेला. मधले सगळे मुंबईत. सासूबाई वाईट नव्हत्या, फक्त त्यांना बोलायची सवय राहिली नव्हती. त्यांचा नवराही जन्मभर गिरणीत होता आणि तिथूनच गेला. दिवसभर शेतात वाकायचं, तिन्हीसांजेला जेवायचं आणि भिंतीकडे तोंड करून निजायचं. लावणीच्या दिवसांत मी एकदा मोजून पाहिलं, सकाळपासून त्या माझ्याशी तीनदा बोलल्या होत्या. त्यातला एक शब्द "हाड" होता आणि तो बहुधा कुत्र्यासाठी होता.

अशात पोस्टकार्ड यायचं. तीर्थरूप मातोश्रींच्या नावे. मातोश्रींना वाचता येत नसे, म्हणून ओटीवर बसून मोठ्यानं वाचायची मी. नवऱ्याला हे ठाऊक होतं, त्यामुळे बायकोसाठी म्हणून त्यात काही लिहायची सोयच नव्हती. शेवटी 'घरातील सर्व मंडळींस यथायोग्य' असायचं. त्या सर्व मंडळींत मी, म्हैस आणि सात कोंबड्या होतो.

पण आषाढातल्या एका कार्डावर खुशालीनंतर दोन ओळी जास्त होत्या. 'आमचे हाटेलात इटली देशाच्या शेवया होतात. लांब व पांढऱ्या असून अंगास लाल रस लागलेला असतो. कळावे.'

सासूबाई म्हणाल्या, "हे मला कशाला लिवलान?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांना कशाला लिहील? हे मला लिहिलं होतं! आईच्या नावाच्या कार्डावरून, पोस्टमनच्या आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, माझ्या नवऱ्यानं मला इटली पाठवली होती. आता उत्तर देणं माझ्याकडे होतं आणि उत्तर चुलीवरच देता येणार होतं.

दुसऱ्याच दिवशी मी तांदळाच्या पिठाच्या शिरवाळ्या पाडल्या. एरवी त्या आपण नारळाच्या गोड रसात घालतो. मी कोकमाच्या आगळात लाल मिरची कालवली आणि तो रस त्यांच्या अंगास लावला. सासूबाईंनी एक घास घेतला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ही इटलीची लोकं काय पाप करून बसल्यात गो?"

त्यानंतर दर कार्डाला एक देश येऊ लागला. फ्रान्सात मासळीच्या काट्याभोवती पांढरी घट्ट कढी असते, असं कार्ड आलं. मी तांदळाचं पीठ दुधात शिजवून सुक्या बोंबलांवर ओतलं. "दूध नि मासळी? अंगावर कोड उठंल!" म्हणत सासूबाई तो टोप घेऊन थेट परसात गेल्या. फ्रान्स मांजरानं खाल्लं. मग आलं इंग्लंड. 'इंग्रजांचे बशीत पावाच्या नुसत्या कडा असतात, सरळ कापलेल्या. सोबत एखादे हिरवे पान.' शेजारी राहणारे चुलत सासरे बाजाराला महाडला जायचे. त्यांच्याकडून मी पाव मागवला, विळीवर कडा सरळ कापल्या, वर कोथिंबिरीचं एकेक पान ठेवलं आणि मधला मऊ भाग कोंबड्यांना घातला. साहेबलोक एवढा मऊ पाव का टाकतात, याचं नवल वाटलं खरं. पण ज्यांनी एवढं मोठं राज्य केलं, त्यांना काही कळत असेलच.

फ्रान्स सोडून हे सगळं मी एकटी खायची. सासूबाई भाकरी खाऊन कलंडल्या की मी दोन पाट मांडायची. पदर खोचून वाढपी व्हायची, "काय आणू साहेब?" म्हणायची, मग पटकन समोरच्या पाटावर बसून साहेब व्हायची आणि मान हलवायची. दुसऱ्या पाटापुढच्या बशीतही थोडं वाढायची. आपलं जेवण झालं की तेही मीच खायची, कारण अन्न टाकायचं नाही. आज हसू येतं. तेव्हाही यायचं, पण मी हसले तर घरात दुसरा आवाज नसायचा, म्हणून मध्येच थांबायची.

एकच गोष्ट मला खात होती. नवरा रंग लिहायचा, आकार लिहायचा. चवीबद्दल अवाक्षर नाही. इटलीच्या शेवया तिखट की आंबट? फ्रान्सची कढी गोड की खारी? मी घडाघडा उत्तरं देत सुटले होते आणि ती बरोबर की चूक हे कळायला मार्ग नव्हता. सासूबाई सांगायच्या ते पत्र मीच लिहायची. त्यात शेवटी मी हळूच घुसडलं, 'सदर पदार्थांची चव कशी असते ते अवश्य कळवणे.' उत्तरात जर्मनी देशाचा बटाटा आला, रंगासकट. चव नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा नाही. गणपतीला येईल तेव्हा विचारू म्हटलं, तर गणपतीला रजा मिळाली नाही. आरतीला आमच्या घरात टाळ वाजवायला चुलत सासरे आले, तेवढाच काय तो पुरुषाचा आवाज.

माघात केकचं कार्ड आलं. 'केक नावाचा पदार्थ असतो. आत पिवळा, भोके भोके असलेला. वरती लोण्यासारखे पांढरे. कड काळी व कडक. शिमग्यास येत आहे.'

शिमग्याला येत आहे! आता चव तो स्वतः बघणार, मान हलवून 'असाच' म्हणणार, आणि माझे आठ-नऊ महिने फुकट गेले नाहीत हे मला कळणार. मी कोंबड्यांवर पाळत ठेवून पाच अंडी जमवली. कणीक, तूप, खायचा सोडा, आणि चुलत सासऱ्यांनी महाडहून आणलेली साखर. काकडीचं गोड धोंडस भाजतो तसं टोपाला खालून मंद जाळ आणि झाकणावर निखारे. सगळ्यात मोठी मेहनत कडेची. आतलं पिवळं जळू न देता नेमकी कडच काळी करायची, हे ज्याला सोपं वाटतं त्यानं करून बघावं. मी निखारे चिमट्यानं एकेक करून कडेला लावत गेले आणि कड अशी काळी नि टणक झाली की बोटानं वाजवली तर टकटक व्हायची. वर म्हशीचं लोणी साखर घालून फेटून लावलं.

तो आला. ग्रामदेवतेची पालखी दारावरून पुढे गेली आणि दुपारी ओटीवर तो, सासूबाई आणि चुलत सासरे बसले. मी तिघांपुढे बशा ठेवल्या आणि आत दाराआड उभी राहिले.

चुलत सासऱ्यांनी कड चावली, तोंडात बोट घालून दात जागेवर आहे का ते चाचपलं आणि म्हणाले, "काय रे, सायबाला हेच रांधून घालतोस?"

"हां... असंच काय काय," नवरा म्हणाला.

"मंग तुजा नि हिचा सारखाच झालाय की नाय? सांग, हातचं राखू नको. पोरीनं लई घाम गाळलान."

त्यानं बशीत पाहिलं. मधला पिवळा तुकडा मोडून तोंडात टाकला. मग आणखी एक. चेहरा असा खुलला की मी दाराची चौकट घट्ट धरली. सासूबाईसुद्धा हात थांबवून त्याच्याकडे बघू लागल्या. त्यानं लोणी बोटानं पुसून खाल्लं, मऊ भाग सगळा संपवला आणि काळी कड बशीत तशीच ठेवून बशी बाजूला सारली.

माझी कड! दोन दिवसांची मेहनत, चिमट्यानं लावलेला एकेक निखारा! रीत, पदर, वडीलधारे, सगळं कुठल्या कुठे गेलं. मांजर बाजूलाच होतं, त्याच्याकडेही मी पाहिलं नाही. सरळ ओटीवर आले आणि सगळ्यांसमोर नवऱ्याला विचारलं, "कड का टाकलीत? सायेबलोक कडच खातात ना? तुम्हीच लिहिलंत! आणि चव? चव बरोबर आहे का, ते सांगा आधी!"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. तो दचकून उभा राहिला, एकदा काकांकडे, एकदा आईकडे पाहिलं, कान लाल झाले. मग लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, चारचौघांत, माझ्याकडे बघून तो ओरडला,

"मला काय ठाव गो चव! मी कदी खाल्लाय? लोकं बशीत टाकून जातात त्येवडंच माज्यापुढं येतं, नि ते पन धुवायला!"