नातीच्या डाव्या पायाची खोट

आता तुम्ही विचारताच आहात तर सांगतो. तुमचा चहा थंड होईल, कारण मी हळू बोलतो. पण ही गोष्ट घाईनं सांगितली तर मी आहे त्याहून जास्त मूर्ख दिसेन, आणि तेवढी जागा उरलेली नाही.

मी कमी बोलणारा माणूस. घरात बायको होती तेव्हा माझ्या वाट्याचंही तीच बोलून टाकायची. ती गेल्यावर नव्यानं सुरुवात करायचं वय राहिलं नव्हतं. चार लोकांत मी फारसं तोंड उघडत नाही. एकदा कोहमाऱ्याला उघडलं. तेवढं पुरलं.

झालं असं. माझी नात प्रणाली कबड्डी खेळते. आमचं गाव चिचगडच्या पुढं, जंगलाला लागून. सराव असतो शेजारच्या गावातल्या शाळेच्या मैदानावर, आणि मधला रस्ता झाडीतून जातो. थंडीत दिवस लवकर बुडतो. त्या रस्त्यानं अस्वलंही जातात. त्यांचाही तोच रस्ता आहे, त्याला कोण काय करणार? घरची सायकल माझा मुलगा कामावर नेतो. त्यानं पोरीला एक दिवस स्पष्ट सांगितलं, "पायी एकटी जायचं नाही. सायकल असन तं दिवस बुडायच्या आत घरी येशीन. नाही तं खेळ बंद."

पोरगी त्या दिवशी जेवली नाही.

मग धान कापून झालं आणि कोहमाऱ्याच्या कबड्डी स्पर्धेची बातमी आली. जिंकणाऱ्या संघाला कप, आणि लोकांच्या सगळ्यात आवडत्या खेळाडूला सायकल. लोकांनीच मत टाकायचं. प्रणाली मला म्हणाली, "आबाजी, कप कोनीही नेऊ दे. सायकल आपली होय."

मी मान हलवली. तेव्हा तेवढंच केलं, ते बरं केलं होतं.

आता मत कसं टाकायचं तेही ऐका. आदल्या वर्षी मोबाइलवर मतं घेतली होती. सामना ज्यांनी पाहिलाच नाही अशा नागपूर-पुण्यातल्या पोरांनी धडाधड मतं टाकली, आणि ताप येऊन घरी झोपलेली एक पोरगी निवडून आली! म्हणून या वर्षी आयोजकांनी ठरवलं की जो मैदानावर हजर, त्याच्या हातात एक चिंचोका. मंचापुढं तेलाचे पिपे ठेवलेले, संघामागं निवडलेल्या एका पोरीचा एक पिपा, त्यावर तिच्या संघाच्या रंगाचं फडकं. ज्या पोरीला मत द्यायचं तिच्या पिप्यात चिंचोका टाकायचा. चिंचोके मात्र निळे रंगवलेले. कारण चिंचेचं झाड आमच्याकडं दारोदार आहे, आणि माणसांचा भरवसा आयोजकांनाही नव्हता.

सकाळचे सामने झाले. प्रणालीचा संघ अंतिम सामन्यात गेला. समोर कामठ्याकडचा लाल बनियनवाला संघ, आणि त्यात करिश्मा नावाची एक दणकट पोरगी. म्हणजे सायकलही या दोघींपैकीच एकीची, हे सगळ्यांना कळून चुकलं.

आमच्या गावची मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत डबे उघडून बसली. मला चहाची तलफ आली, म्हणून मी मैदानाबाहेरच्या टपरीवर गेलो. तिथं एकही माणूस ओळखीचा नव्हता. बाकाच्या टोकाला बसलो. आणि तिथं जी लढाई चालली होती, तशी मैदानावरही नव्हती.

"हिरव्या बनियनवाली पोट्टी पाहिली का? वीज होय ते, वीज!" हे म्हणणारा डोमाजी. अंगानं भरलेला, गळ्यात मफलर, आवाज असा की किटलीचं झाकण हलावं. हिरवी बनियन म्हणजे आमची प्रणाली.

"अन् करिश्मा काय झोपून राहिली होती का?" दुसरा म्हणाला.

"करिश्मा रेड मारते का उसनी साखर मांगाले जाते? दारातच उभी राहते!"

"पन पकड पाहा ना तिची!"

"पकडीचं काय घेऊन बसला बे! ते हिरवी पोट्टी आत जाते, तिघींले शिवते, अन् घरी येऊन केस बांधते. अशी पोट्टी जिल्ह्यात नाही. अजी, नजर हटत नाही तिच्यावरून!"

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी बाकावर पुढं सरकलो.

तुम्हाला माहीत आहेच, आपल्याकडं घरच्या लेकराची कोणी तारीफ केली की घरच्या माणसानं लगेच त्याची एखादी खोट सांगायची. म्हणजे लोकांची नजर त्या खोटेवर अडकते आणि लेकरू सुटतं. माझी आई हे कधी चुकली नाही. मला कोणी गुणी म्हटलं की ती म्हणायची, "गुनी कायचा, आंथरुन ओलं करते." मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि असं काही करत नव्हतो. म्हशीच्या दुधाची कोणी तारीफ केली तरी ती म्हणायची, लाथ मारते. म्हैस गरीब होती बिचारी.

आणि इथं तर सगळी टपरी माझ्या नातीवर डोळे लावून बसलेली!

"त्या पोट्टीत काही दम नाही," मी म्हणालो.

डोमाजीनं कप खाली ठेवला.

"काऊन जी, आबाजी?"

आता खोट सांगायलाच हवी होती. "डावा पाय मांगं राहते तिचा."

हे मी कुठून काढलं ते मलाच माहीत नाही. उजवा म्हणालो असतो तरी चाललं असतं.

डोमाजीनं मांडीवर थाप मारली. "पाहा! मी कवाचा म्हनून राहिलो, काहीतरी खटकते म्हनून!" वीज वीज करत होता तोच डोमाजी, बरं का. "तुमी खेळले दिसता जी, आबाजी?"

"लहानपनी."

गुरं चारताना खेळायचो आम्ही, तेवढंच. पण मी हळू बोलतो ना, त्यामुळं लोकांना वाटतं की मागं पुष्कळ शिल्लक आहे. चहा संपेपर्यंत मी जिल्ह्याचा खेळाडू झालो होतो. टपरीवरून उठेपर्यंत डोमाजीनं मला नागपूरला खेळायला नेऊन आणलं होतं. चहाचे पैसे त्यानं देऊ दिले नाहीत. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. मी बोललोच कुठं होतो?

डोमाजीनं मला हाताला धरून थेट मंचावर नेलं. तिथं टेकचंद नावाचा माणूस माईकवर बोलत होता. गोंदियाचा. त्याची मराठी दोन वाक्यांत संपायची आणि मग हिंदी सुरू व्हायची.

"भाइयों और बहनों! आज अपने बीच में एक बहुत पुराने खिलाड़ी आए हैं!"

"नाही जी," मी म्हणालो.

"देखिए, कितने नम्र हैं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला खुर्ची दिली.

अंतिम सामना सुरू झाला. प्रणालीची पहिलीच चढाई. आत गेली, दोघींना शिवली आणि वाऱ्यासारखी परत आली. सगळं मैदान उठून ओरडलं. बाया टाळ्या पिटत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती, झाडावर बसलेले खाली पडायच्या बेतात होते. एवढ्या माणसांची नजर, आणि ती एकट्या पोरीवर!

नेमका तेव्हाच टेकचंदनं माईक माझ्या तोंडापुढं धरला. "बोलो आबाजी, कैसी लगी?"

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.

"डावा पाय मांगं राहते तिचा," मी म्हणालो.

भोंगे चारी बाजूंना लावलेले. माझा आवाज मैदानावर गेला, टपरीवर गेला, हायवेच्या ढाब्यापर्यंत गेला. तिथं जेवणाऱ्या ट्रकवाल्यांनाही कळलं की कोण्या पोरीचा डावा पाय मागं राहतो.

आणि कामठ्याकडच्या पोरींनाही कळलं. त्या काही बहिऱ्या नव्हत्या.

पुढच्या चढाईला प्रणाली आत गेली, शिवली, वळली. करिश्मानं झेप घेतली आणि तिच्या डाव्या पायाचा घोटा धरला. पोरगी आडवी झाली.

मी डोळे फाडून बघत राहिलो. अहो, मी ते उगाच म्हणालो होतो! पण वळताना तिचा डावा पाय खरंच मागं राहत होता. इतकी वर्षं तिला अंगणात बघतो, मला कधी दिसलं नाही. आता साऱ्या तालुक्याला दिसलं.

"वाह! क्या नज़र है आबाजी की!" टेकचंद ओरडला.

मग काय! दर वेळी डावा पाय, दर वेळी घोटा. तरी पोरगी हरायला तयार नव्हती. पडायची, उठायची, धूळ झटकायची आणि पुन्हा आत जायची. एकदा पडल्यापडल्या तिनं मान वळवून भोंग्याकडं पाहिलं. इतकं हळू बोलणारा माणूस तिच्या ओळखीचा एकच आहे.

सामना थोडक्यात गेला. मी मंचावरून उतरलो तर प्रणाली मंचामागं उभी. गुडघे सोललेले.

"आबाजी, ते तुमीच बोलून राहिले होते का?"

"हो."

"कायले?"

"लोक तुही तारीफ करून राहिले होते, बाई. नजर लागली असती."

तिनं गुडघ्यांकडं बोट केलं. "कोनाची नजर नाही लागली जी. सगळ्यांचे हात लागले." आणि बाजूला जाऊन गुडघ्यावर पाणी ओतू लागली.

पिप्यांपुढं रांगा लागल्या होत्या. अजून काही बिघडलं नव्हतं. पडून उठणारी पोरगी लोकांना आवडली होती. हिरव्या फडक्याची रांग लाल फडक्याच्या रांगेएवढीच होती. बाजूला सायकल उभी होती, हँडलवर प्लास्टिक तसंच.

मला वाटलं, माझ्यामुळं बिघडलं तर मीच नीट करतो. मी आपल्या पायांनी मंचावर चढलो. टेकचंदकडं माईक मागितला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून बोलायला उभा राहिलो, आणि मोठ्यानं म्हणालो,

"हिरव्या बनियनवाली पोट्टी माही नात होय. भल्ली चांगली खेळते. मी मंगा बोललो ते नजर लागू नये म्हनून बोललो. खरं नव्हतं ते."

रांगेतल्या माना माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, जमलं.

मग डोमाजीचा आवाज आला. "खरं नव्हतं तं पाय कसा सापडला जी?"

मी माईक या हातातून त्या हातात घेतला.

"अरे, सख्खा आबाजी म्हनून राहिला का दम नाही!" रांगेतला एक जण म्हणाला. "घरच्या मानसाले नाही तं कोनाले मालूम राहीन?"

"मंग आता काऊन तारीफ करून राहिला?"

"काऊन म्हंजे? सायकल दिसून राहिली ना समोर!"

असा हशा पिकला! हिरव्या फडक्याची रांग माझ्या डोळ्यांदेखत वाकली, पातळ झाली आणि लाल फडक्याकडं वळली. पिप्यात चिंचोके पडत होते, ठण्ण, ठण्ण. मी "अजी, ऐका" म्हणत होतो. टेकचंदनं हळूच माझ्या हातातून माईक काढून घेतला.

मतं मोजत कोण बसणार? किराणा दुकानातून तराजू आणला आणि दोन्हीकडचे चिंचोके तोलले. लाल पारडं खाली गेलं ते दमदार गेलं. माझा चिंचोका माझ्या मुठीतच राहिला होता, पण त्यानं काही झालं नसतं. पायलीभर पाहिजे होते.

करिश्मा सायकल घेऊन गेली. चांगली पोरगी आहे. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आबाजी, तुमच्यामुळं भेटली."

इथं तरी संपायला हवं होतं की नाही? पण टेकचंद पुन्हा माईकवर. "स्वतःच्या नातीला सुद्धा ज्यांनी सोडलं नाही, अशा निःपक्ष खिलाड़ी का सम्मान करना अपना फर्ज है!" मला शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात डोमाजीनं वाजवल्या. प्रणाली पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती. तिनं वाजवल्या नाहीत.

परतताना ट्रॉलीत पोरींनी तो नारळ फोडून खाल्ला. मला कोणी तुकडा दिला नाही. मी मागितलाही नाही. थंडी होती, म्हणून शाल मी प्रणालीच्या गुडघ्यांवर टाकली. तिनं ती काढून टाकली नाही, एवढं माझ्यासाठी खूप होतं.

दुसऱ्या दिवशी सरावाची वेळ झाली. पोरगी उंबऱ्यावर बसून रस्त्याकडं बघत होती. तिच्या बापाला जे सांगायचं ते त्यानं आधीच सांगितलं होतं. मी चपला घातल्या, काठी घेतली आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. ती उठली. आम्ही निघालो.

तेव्हापासून रोज जातो. ती मैदानावर डाव्या पायाचं बघते, मी दगडावर बसून तिचं बघतो, आणि दिवस बुडता बुडता दोघं परत येतो.

परवा वाटेत सरपण घेऊन येणाऱ्या बाया भेटल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "काऊन वं प्रणाली, या बुढ्या मानसाले रोज कायले फिरवून राहिली?"

प्रणाली थांबलीही नाही.

"बुढा मानूस नाही वं मावशी, हे माही सायकल होय. घंटी वाजत नाही. अन् वाजली तं नको तिथंच वाजते."